पोथी, प्रार्थना आणि केडगावचा छापखाना

1878 साली एक मराठी तरुण आणि त्याची वीस वर्षांची बहीण कलकत्त्यात एका ख्रिस्ती मेळाव्याला निमंत्रणावरून गेली. दोघेही पुराणे सांगून पोट भरणारी, तीर्थामागून तीर्थ पायाखाली घातलेली. गाणी झाली, भाषणे झाली आणि मग जमलेली मंडळी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकून, डोळे मिटून बोलू लागली. समोर मूर्ती नाही, तुळस नाही, पिंपळ नाही. ही माणसे खुर्च्यांनाच नमस्कार करीत आहेत, असा त्या भावंडांचा समज झाला. निघताना त्यांना संस्कृतमधील बायबलची एक प्रत भेट मिळाली. बहिणीला हजारो श्लोक मुखोद्गत होते, संस्कृत तिच्या जिभेवर होते. तरी त्या पोथीतील भाषा तिला लागेना. तिच्या ओळखीच्या संस्कृत वाङ्मयाशी त्या शैलीचा काही मेळच बसत नव्हता. हे वाचण्यात वेळ दवडण्यात अर्थ नाही, असे ठरवून तिने ते पुस्तक बाजूला ठेवले.

ही बहीण म्हणजे पुढे पंडिता रमाबाई म्हणून ओळखली गेलेली विदुषी. ज्या ग्रंथाचे एक पानही तिला त्या दिवशी उमगले नाही, तोच ग्रंथ मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणण्यासाठी तिने आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे वेचली. प्रार्थनेतून बळ मिळाल्याच्या कथा सर्वच धर्मांत सांगितल्या जातात आणि बहुधा त्या फार गुळगुळीत झालेल्या असतात. रमाबाईंची कथा तशी होत नाही, कारण त्यांच्या श्रद्धेला जागोजाग वाद, वियोग आणि अंगमेहनत चिकटलेली आहे. बळ नेमके कोठून आले, हे पाहायचे तर पोथीशी असलेल्या त्यांच्या नात्याची सुरुवात पाहावी लागते, आणि ती ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधी झालेली आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. स्त्रियांनी संस्कृत शिकावे, या मताचे ते होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः शिकविले. त्याबद्दल उडुपीच्या धर्मपीठापुढे त्यांना जाब द्यावा लागला, तेव्हा शास्त्रांतील आधार दाखवूनच त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम मांडला. तेथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल सहा महिन्यांचे झाले न झाले तोच घर मोडून यात्रा सुरू झाली. वेताच्या पेटीत निजलेली ही मुलगी डोईवरून डोंगर उतरली आणि त्यानंतर कितीतरी वर्षे तिला घर म्हणून ठिकाण राहिले नाही. वडील वृद्ध झाले होते, म्हणून शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम आणि प्रवास. मोकळा वेळ तो उजाडण्यापूर्वीचा. अंधारात आईने निजलेल्या लेकीला मांडीशी घेऊन जागे करायचे आणि पाठ म्हणवून घ्यायचे. रमाबाईंनी या पहाटेच्या धड्यांची आठवण आयुष्यभर जपली. पहाट आणि ग्रंथ यांची सांगड त्यांच्या मनात तेव्हा बसली, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

1870 च्या दशकातील दुष्काळाने हे कुटुंब मोडले. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी दाणा नव्हता, तर पुराणिकाला कोण देणार? अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागण्याची लाज. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. मागे राहिली रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ती दोघे हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करायला पांघरूण नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत निजून मानेपर्यंत वाळू ओढून घेतली. सारी व्रते, सारी तीर्थे यथासांग केली आणि देव काही भेटला नाही, अशी खंत मनात घेऊन ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली होती. खुर्च्यांपुढे गुडघे टेकणाऱ्यांकडे त्यांनी पाहिले, ते या अनुभवातून.

कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच शहरात घडलेली दुसरी एक गोष्ट मात्र अधिक मोलाची आहे. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचले आहेत का, असे विचारले आणि वेदाची एक प्रत हाती दिली. अनंतशास्त्री कितीही पुढारलेले असले तरी वेद त्यांनी मुलीला शिकविले नव्हते. ती रेघ त्यांनीही ओलांडली नव्हती. रमाबाई प्रथम कचरल्या. मग त्यांनी वाचले. आपल्याला मना असलेले पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचे आणि त्यावर स्वतः विचार करायचा, ही सवय त्यांना येथे लागली. धर्मशास्त्राचे ग्रंथही त्यांनी याच काळात बारकाईने वाचले आणि स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्षाचा मार्गच ठेवलेला नाही, या निष्कर्षाने त्या अस्वस्थ झाल्या.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामकडील सिलचरला संसार मांडला. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. हे पुस्तक मात्र त्यांना कळले. कलकत्त्याचे संस्कृत बायबल कळले नव्हते आणि ही बोलत्या बंगालीतील लहानशी पुस्तिका मनात शिरली, या फरकाकडे त्यांच्या चरित्रकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. केडगावच्या छापखान्याचे बीज तेथेच पडले असावे. पत्नीने उघडपणे ख्रिस्ती व्हावे, हे पतीला रुचत नव्हते. हा मतभेद पुढे कोठे गेला असता कोण जाणे. फेब्रुवारी 1882 मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि कन्या मनोरमा एक वर्षाचीही झालेली नव्हती.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. त्या पुस्तकाच्या उत्पन्नाच्या आधारावर 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनी लंडनमध्ये फुलम येथे चालविलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने ज्यांना पतित ठरवून टाकून दिले, अशा स्त्रियांना तेथे आश्रय मिळे, शिक्षण मिळे, माणूस म्हणून वागणूक मिळे. अशा बायकांची कोणी काळजी घेते, हेच रमाबाईंना नवे होते. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांना उलगडून सांगितला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, परक्या जातीची, गावाने बोट दाखविलेली; आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्माची चर्चा करणारा येशू. देवाची उपासना या डोंगरावर करावी की त्या नगरात, हा तिचा प्रश्न. उपासनेला डोंगरही लागत नाही आणि नगरही लागत नाही, ती अंतःकरणाने व सत्याने व्हावी, हे त्याचे उत्तर. जिने बालपणापासून एकेका तीर्थासाठी शेकडो मैल तुडविले आणि त्याच वाटेवर आईबाप गमावले, तिच्या कानी हे उत्तर कसे पडले असेल, याची कल्पना करता येते. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, तसे करणारे थोडेच. रमाबाई एका धर्मगुरूंच्या तावडीतून सुटून दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या, अशी टीका त्या काळी झाली आणि अधूनमधून आजही कानी येते. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचल्यावर ही टीका टिकत नाही. चर्चने शिकविले तेवढे मानावे, अशी भगिनी जेराल्डिन यांची अपेक्षा. रमाबाईंचे उत्तर असे की, आपल्या देशातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविले आहे, ते दुसऱ्या कोणाचे चढवून घेण्यासाठी नव्हे. शास्त्र वाचून जे पटेल, तेवढेच मान्य. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, त्यावरूनही वाद झाला. आपल्याला न कळणारी भाषा अंगावर का वागवावी? अक्षरे हवीतच तर संस्कृत असावीत, ती माझ्या देशाची प्राचीन भाषा आहे, असे त्यांनी कळविले. आहारही शाकाहारीच राहिला. याच काळात त्यांचे बहिरेपण वाढत गेले आणि वैद्यक शिकण्याचा बेत सोडावा लागला.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्षी निघाले, बॉस्टनमध्ये साहाय्यक संस्था स्थापन झाली आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

सदनात कोणताही धर्म शिकविला जाणार नाही, असे वचन होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह शास्त्र वाचीत आणि प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली दाराशी येऊन बसू लागल्या. त्यांना हाकलणार नाही आणि दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. ‘केसरी’ने तोफ डागली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार 1893 मध्ये बाजूला झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. या प्रकरणी एकाच बाजूला माप देणे अवघड आहे. पालकांनी वचनावर विसंबून मुली पाठविल्या होत्या. ज्या घरात मुली राहतात, तेथे कर्त्या बाईची उघड्या दाराची प्रार्थना ही शिकवणीइतकीच परिणाम करते, हे कोणत्याही शिक्षिकेला समजते. उलट, कोठल्याही हिंदू घरात विधवा मुलीला देवपूजेपाशी बसू देण्यास परवानगी लागत नाही, मग येथेच का, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. त्या कटू दिवसांनी त्यांना एकटे पाडले, एवढे खरे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. धर्म बदलूनही रितेपण उरते, ही कबुली त्यांनी लपविली नाही.

1896 च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या आल्या. रमाबाईंना त्या बातम्या वाचाव्या लागल्या नाहीत. त्यांनी त्या भोगल्या होत्या. हाती पैसा नाही, शारदा सदन उच्चवर्णीय विधवांपुरते, पुण्यात प्लेगची चाहूल. तरी त्या स्वतः गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या गेल्या. सप्टेंबर 1898 मध्ये मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली. येथे जात विचारली जात नव्हती. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर संख्या दीड हजाराच्या पलीकडे गेली.

या खटाटोपाला आधार कशाचा होता? इंग्लंडमध्ये जॉर्ज म्यूलर यांनी केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालविली होती. त्यांचे चरित्र वाचून रमाबाईंनी वर्गणीच्या हमीवर विसंबणे हळूहळू सोडले. उद्याच्या धान्याचा प्रश्न आज प्रार्थनेत मांडायचा आणि उठून नांगराला हात घालायचा, असा तो क्रम. मुक्तिसदनात शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, गोठा, छापखाना असे सारे उभे राहिले आणि बायकांनी ते चालविले. अंध मुलींना ब्रेल शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी केले. 1905 च्या आरंभी रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्त्रिया जमविल्या. प्रथम सुमारे 70, जूनपर्यंत साडेपाचशे. त्यानंतर तेथे जी प्रार्थनेची लाट उसळली, ती पाहून युरोपीय मिशनरीही बावरले. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, प्रार्थना करीत. याला शिस्त म्हणावी की उन्माद, असे लोकांनी विचारले. भारतीय स्त्रीने आपल्या पद्धतीने देवाला हाक मारावी, त्यात लाज कसली, असा रमाबाईंचा कौल होता.

याच सुमारास त्यांनी भाषांतराचे काम हाती घेतले. बायबलचा नवा करार मराठीत पहिल्यांदा आणला तो विल्यम कॅरी आणि त्यांच्या पंडितांनी, बंगालमधील सेरामपूर येथे, 1811 साली. त्यानंतर मुंबईकडे सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या होत्या. त्या पुस्तकांची भाषा केडगावच्या मुलींना जड जात होती. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या या मुलींपुढे रमाबाई पुस्तक उघडीत आणि दर ओळीला थांबून अर्थ सांगावा लागे. कलकत्त्यात आपल्या हाती पडलेले न कळणारे बायबल त्यांना आठवले नसेल, असे म्हणवत नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ऐकू येत नसताना, दीड-दोन हजार माणसांचा संसार सांभाळून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हिब्रूचे व्याकरण मराठीत नव्हते, तर तेही त्यांनी लिहिले.

त्यांचा आग्रह साध्या मराठीचा. जे संस्कृत शब्द पुराणांचा किंवा वेदान्ताचा अर्थ बरोबर घेऊन येतात, ते शक्यतो टाळायचे. चुलीपाशी आणि शेतात चालणारा शब्द मिळाला तर तो घ्यायचा. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणारी हीच बाई! विसंगती वाटते खरी, पण दोन्ही वेळी प्रश्न एकच होता: ज्याच्या हाती हे द्यायचे, त्याला ते कळते का? त्यांची मराठी घडली ती कर्नाटकातील रानात, मद्रासेकडच्या वाटांवर, बंगालमध्ये, आसामात. आजूबाजूला दुसरी भाषा आणि तोंडात आईची मराठी, ही स्थिती या अंकाच्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. अशा माणसाला शब्द तपासून घेण्याची सवय लागते. त्यांचे भाषांतर मुळाला इतके धरून आहे की कोठे कोठे वाक्य अवघडते, हेही मान्य करायला हवे. मंडळ्यांमधून प्रचारात राहिली ती मुख्यतः बायबल सोसायटीचीच आवृत्ती.

छापखान्याची हकीकत मात्र भाषांतराइतकीच सांगण्याजोगी आहे. खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, यंत्र चालविणाऱ्या, घड्या घालणाऱ्या सर्व मुक्तिसदनाच्या स्त्रिया. त्यांतील काहींना मदतीपुरते हिब्रू-ग्रीकही शिकविले गेले. ज्यांना अक्षराचा अधिकार नाही असे गावाने ठरविले होते, त्यांच्या बोटांना शिशाच्या अक्षरांचा काळा रंग लागला. नवा करार 1913 च्या सुमारास छापून झाला आणि जुन्या कराराचे अफाट काम पुढे चालू राहिले.

जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. चाळिशीच्या होत्या. मुक्तिसदनाची सारी भिस्त त्यांच्यावर होती. आईच्या बहिऱ्या कानांना बाहेरच्या जगाचे बोलणे त्यांच्याच मुखातून कळत असे. आई-वडील, बहीण, भाऊ, पती यांच्यानंतर आता लेक. रमाबाईंनी सदनाची पुढची व्यवस्था लावून दिली आणि पुन्हा मुद्रिते पुढे ओढली. अखेरच्या दिवसांची एक आठवण मुक्तिसदनात सांगितली जाते. दुखणे वाढले, तेव्हा राहिलेली पाने तपासण्यासाठी त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले आणि काम पुरे झाल्यावरच त्या निजल्या. 5 एप्रिल 1922 रोजी पहाटे त्यांचे निधन झाले.

छपाई आणि बांधणी व्हायला आणखी दोन वर्षे लागली. 1924 मध्ये संपूर्ण पुस्तक केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.